खिशातले दुसरे पान

मित्रांनो, मी एक जुनी निळी पाटी आहे. जुनी आहे याबद्दल कुणाचे दुमत नाही. निळी आहे याबद्दल मात्र मध्यंतरी बराच वाद झाला, आणि तोच मला तुम्हाला सांगायचा आहे.

माझ्या बहिणी तुम्ही रोज पाहता. रस्त्याचे नाव सांगणाऱ्या, दवाखान्याकडे बाण दाखवणाऱ्या, पुढे रस्ता बंद आहे हे तुम्ही तिथे पोचल्यावर कळवणाऱ्या. मी त्यांच्यासारखी चौकात कधीच उभी राहिले नाही. माझे आयुष्य नगरपालिकेच्या पाट्या विभागात, रंग कालवायच्या खोलीत, एका भिंतीवर गेले. मी नमुना पाटी. शहरातली प्रत्येक पाटी माझ्याकडे बघून रंगवायची, असा माझा मान होता. मान मोठा होता आणि काम काहीच नव्हते. असे योग सगळ्यांच्या नशिबी येत नाहीत.

माझ्या जन्माआधी शहरात प्रत्येक खाते आपापल्या पाट्या लावत असे. पाणी खात्याच्या हिरव्या, बागांच्या पिवळ्या, आणि रस्ते खात्याच्या त्या दिवशी ज्या रंगाचा डबा उघडा असेल त्या. बाणही वेगवेगळे. एका खात्याच्या बाणाला शेपूट होते, दुसऱ्याच्या नव्हते, आणि तिसरे खाते बाणाऐवजी बोट दाखवणारा हात काढायचे, त्या हाताला बोटे सहा होती. एकदा आगीचा बंब पाट्या वाचत वाचत शहराला तीन फेऱ्या मारून योग्य गल्लीत पोचला. तोवर आग कंटाळून विझली होती, आणि घरमालकाने दमलेल्या बंबवाल्यांनाच प्यायला पाणी दिले.

त्यानंतर तेव्हाचे मुख्य अभियंता, ज्यांना आमच्याकडे आजही थोरले साहेब म्हणतात, त्यांनी ठरवले की संपूर्ण शहराला एकच निळा रंग, एकाच वळणाची पांढरी अक्षरे आणि एकच बाण. परका माणूस कुठल्याही कोपऱ्यावर उभा राहिला तरी त्याला वाटले पाहिजे की हे सगळे एकाच घरातले बोलणे आहे.

तो निळा तयार करायचे काम एका सत्तावीस वर्षांच्या रंगाऱ्याकडे आले. पुढे सगळे त्याला रंगमास्तर म्हणू लागले. त्याने अकरा दिवस अकरा निळे कालवले. थोरले साहेब एकेक बघत आणि मान हलवत. हा शाळेच्या गणवेशाचा वाटतो. हा औषधाच्या बाटलीचा. हा बरा आहे, पण याला आपण निळे आहोत याचा फार अभिमान दिसतो. बाराव्या दिवशी मास्तरांनी कसलासा जांभळट रंग चमचाभर वाढवला. या वेळी साहेबांची मान हलली नाही. ते म्हणाले, "हा शहराचा."

त्या रंगाचे तीन हात माझ्या दीड हात लांबीच्या पत्र्यावर चढले. वर पांढऱ्या अक्षरांत 'नमुना' असे लिहिले आणि शेजारी उजवीकडे जाणारा बाण काढला. बाण कुठे जातो याचा विचार कुणी केला नव्हता, कारण तो नमुन्याचा बाण होता. भिंतीवर चढल्यावर कळले की तो मोरीकडे जातो. विभागात नव्याने आलेली माणसे मला बघायला म्हणून यायची आणि बाणामागे जाऊन हात धुऊन परतायची.

आता लक्ष द्या, कारण इथे तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही शहाणपणाच्या होत्या.

पहिली, माझी जागा पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर ठरली. रंगाला रंग लावून बघायचा तर उजेड चांगला हवा.

दुसरी, वॉर्निशची. रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक पाटीला वॉर्निशचे दोन हात द्यायचे असा दंडक होता. ब्रश माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मास्तर म्हणाले, "हिला कशाला? ही तर घरातच राहणार." सगळ्यांना पटले. मलाही पटले. घरातली म्हणून मी जरा खूशच झाले.

तिसरी गोष्ट म्हणजे माझ्या पाठीवरचा खिसा. हा पत्र्याचा होता, झाकणाचा, पाकीट मावेल एवढा. थोरल्या साहेबांनी परिपत्रक काढले होते की नवा रंग कालवला की प्रत्येक वेळी त्याचे एक बोट जाड कागदाच्या चिठ्ठीवर ओढावे, तारीख घालावी आणि ती चिठ्ठी नमुना पाटीच्या खिशात ठेवावी. परिपत्रकाचे हे पहिले पान खोलीत चौकट करून लावले. त्याच्या तळाशी 'मागचे पान पाहा' असे छापले होते. मागे भिंत होती. थोरले साहेब त्याच वर्षी बदलून दुसऱ्या शहरात गेले, आणि मागे काय होते ते विचारायला कुणाला सुचले नाही.

माझी कामाची वर्षे सुखात गेली. वर्षातून दोनदा रंग कालवला जाई. मास्तर ओल्या रंगाची पट्टी माझ्या गालाशी धरत, एक डोळा मिटत, तीन पावले मागे जात आणि पट्टी वाळेपर्यंत तसेच उभे राहत. मग म्हणत, "जमला." पट्टी माझ्यात दिसेनाशी होत असे. त्यानंतर ते चिठ्ठीवर बोट ओढत, भिंतीलगतच्या फटीतून माझ्या पाठीमागे हात घालून ती चाचपत खिशात सारत. एकतीस वर्षांत बासष्ट चिठ्ठ्या. एकही चुकली नाही. आत किती झाल्या, कशा आहेत, हे मात्र कुणी पाहिले नाही. ठेवावी असा नियम होता. काढावी असा नव्हता.

दरसाल मुख्य कचेरीतून एक कारकून तपासणीला येई. तो दारातूनच विचारी, नमुना जागेवर आहे ना? मी जागेवर असे. तो बरोबरची खूण करी आणि बाणामागे जाऊन हात धुई.

दुपारी मास्तरांची बायको यायची. ती टपाल वाटायची, म्हणून आमच्याकडे तिला सगळे टपालवहिनी म्हणत. फेरी अर्धी झाली की ती खांद्यावरची पिशवी माझ्याखालच्या बाकावर ठेवी आणि दोघे एकाच डब्यात जेवत. ती सगळ्या शहराच्या बातम्या आणायची आणि मास्तर त्यांतल्या पाट्यांच्या तेवढ्या ऐकायचे.

एकवीस वर्षांपूर्वी, डब्यातले शेवटचे अंडे कुणी खायचे यावरून प्रेमळ ओढाताण चालू असताना ती सहज म्हणाली की घाटाच्या चौकात गाडीने ठोकलेल्या पाटीच्या जागी नवी लावली आहे, ती शेजारच्या जुन्या पाटीपेक्षा हिरवट दिसते. मास्तरांनी चमचा खाली ठेवला. जुन्या पाटीवर धूर बसला असेल, असे ते म्हणाले. ती म्हणाली, पुसून पाहिली. मग तुझ्या डोळ्यांवर ऊन आले असेल. ती म्हणाली, ढग होते. त्यावर मास्तरांनी भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे बोट केले आणि सांगितले की हा नमुना, आणि या नमुन्याशी प्रत्येक थेंब ताडलेला आहे, तेव्हा चूक रस्त्याची असू शकते, रंगाची नाही. अंडे तसेच राहिले. पुढे काही दिवस ती डबा ठेवून जायची आणि ते एकटेच जेवायचे. मग पुन्हा दोघे जेवू लागले, पण निळ्या रंगाचा विषय त्या बाकावर पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, मला मात्र तेव्हाच संशय आला होता. रोज दुपारी तीन ते सहा ऊन माझ्या अंगावर यायचे. आधी ते मला आवडायचे. हळूहळू जाणवू लागले की ते नुसते येत नाही, जाताना काहीतरी घेऊनही जाते. तो चमचाभर जांभळट अंश त्याने आधी खाल्ला. मग खालचा गडदपणा. पण रोज एवढे थोडे, की मला बघणाऱ्याला कळू नये. आणि मी उतरत गेले तसा मास्तरांचा रंगही माझ्याबरोबर उतरत गेला, एक पायरी मी, एक पायरी तो, जसे जुने नवराबायको एकमेकांसारखे दिसू लागतात. रस्त्यावरच्या माझ्या बहिणी वॉर्निश लावून उन्हापावसात गडद राहिल्या. घरात राहून मीच फिकी पडले.

तीसेक वर्षांनी नवे साहेब आले. त्यांना शहराची ओळख नव्याने घडवायची होती. शहराला चेहरा हवा, असे ते बोलत. त्यांनी एक सल्लागार नेमली. ती तिशीची, पायात दणकट बूट आणि हातात रंगीत पट्ट्यांचा जुडगा. विभागातले लोक तिला पहिल्या दिवशी बाई म्हणाले, दुसऱ्या दिवशी ताई, कारण ती रंगाच्या डब्यांवर बसून सगळ्यांबरोबर चहा प्यायली. ती महिनाभर शहर पायी फिरली, प्रत्येक पाटीला पट्टी लावून पाहिली आणि अहवाल दिला. अक्षरे एक आहेत. बाण एक आहे. निळे अकरा आहेत.

अहवाल साहेबांनी रंगाच्या खोलीत येऊन मोठ्याने वाचला. अकरा हा आकडा त्यांनी दोनदा वाचला. मास्तरांना निवृत्तीला दोन महिने होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून दोन निळे झाले असते तरी त्यांनी ब्रश खाली ठेवला असता, आणि इथे अकरा. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. रंगात भेसळ झाली की कामात हलगर्जी, यांपैकी काय ते आठ दिवसांत लेखी कळवावे. तिसरा पर्याय छापलेला नव्हता.

मास्तर भांडले नाहीत. भांडले असते तर मला बरे वाटले असते. ते नोटीस मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसले आणि एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून मला बघू लागले. चार दिवस त्यांचे हेच चालले. पाचव्या दिवशी त्यांनी कागद घेतला आणि उत्तर लिहायला घेतले. लिहिताना पुटपुटायची त्यांची सवय होती, म्हणून मला ऐकू आले: माझी नजर बरीच वर्षे अधू असावी, ते माझ्या ध्यानात आले नाही, सर्व पाट्यांबद्दल क्षमा असावी.

ज्या माणसाने बासष्ट वेळा अचूक रंग जुळवला तो माझ्यापायी आपल्याच डोळ्यांवर खोटा आळ घेत होता. आणि मी भिंतीवर 'नमुना' असे लिहून गप्प. पत्र्याला घाम फुटत नाही म्हणतात. त्या दिवशी मला फुटला असावा.

तेवढ्यात दुपार झाली. सल्लागार ताई तिथेच होती. तिला मूळ नमुना मोजायचा होता आणि मास्तर चार दिवस मला काढू देत नव्हते. नमुना जागेवरून हलवायचा नाही, एवढेच ते सांगत. टपालवहिनी आली. तिने पिशवी बाकावर ठेवली, मास्तरांच्या हातातला कागद घेतला, उभ्याउभ्या वाचला आणि परत दिला. टपालवाल्या माणसाला दुसऱ्याचे पत्र वाचू नये हे शिकवलेले असते, पण हे पत्र अजून टाकलेले नव्हते.

मग तिने डबा उघडला नाही. पिशवी उघडली नाही. पिशवीचा पट्टा तेवढा सोडला.

"ही पिशवी मी रोज बघते," ती म्हणाली. "मला ती नवीच वाटते. पट्ट्याखाली बघा."

पिशवी मातकट होती. पट्टा जिथे बसायचा तिथे मात्र एक रुंद पट्टी विटकरी लाल होती, दुकानातून आजच आणल्यासारखी.

मास्तर पिशवीकडे बघत राहिले. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे, आणि या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून. ते उठले, पेचकस आणला आणि माझ्या चार कोपऱ्यांतले चार स्क्रू स्वतःच्या हाताने काढले. स्क्रूखाली पितळेच्या चकत्या होत्या. पहिली चकती निघाली आणि तिच्याखाली नाण्याएवढा एक निळा उघडा पडला. एकतीस वर्षे ऊन न लागलेला. चमचाभर जांभळ्यासकट.

मास्तरांनी बाकीच्या तीन चकत्या काढल्या, जणू आणखी पुरावा लागणार होता. मग मला बाकावर पालथे घातले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ उजेडात आली. ताईने खिशाचे झाकण उचलले आणि चिठ्ठ्या एकेक करून तारखेने बाकावर मांडल्या. बाक पुरला नाही, जमीन घेतली. पहिली चिठ्ठी बाराव्या दिवसाची, गडद. शेवटची माझ्याच चेहऱ्याची, हिरवट. मधल्या साठ अशा की शेजारच्या दोघींत फरक सांगून दाखवा. ताईने पट्टी लावून खात्री केली आणि म्हणाली की मास्तरांचा हात एकदाही चुकलेला नाही, नमुना उतरला आहे.

खिशाच्या तळाशी आणखी काहीतरी होते. घडी घातलेला एक पिवळा कागद. परिपत्रकाचे दुसरे पान. नमुन्याबरोबरच राहावे म्हणून कुणा दक्ष माणसाने ते सगळ्यांत आधी खिशात घातले होते आणि नंतरच्या बासष्ट चिठ्ठ्या त्याच्यावर बसल्या. ताईने ते वाचले. दरसाल पहिल्या महिन्यात खिशातील सर्व चिठ्ठ्या काढून ओळीने मांडाव्यात. फरक आढळल्यास पहिल्या चिठ्ठीवरून नवा नमुना करावा. नमुन्यास वॉर्निश लावण्यास विसरू नये.

म्हणजे खिसा उघडावा हा नियम होताच. तो खिशात होता.

मास्तरांना सुटल्यासारखे वाटले असेल असे तुम्हाला वाटेल. त्यांनी नोटिशीचे नावही काढले नाही. ते बायकोकडे वळले.

"तू सांगितलं होतंस."

"एकवीस वर्षं झाली," वहिनी म्हणाली. "त्यावर तुम्ही चार दिवस बोलला नव्हता."

"पाच," मास्तर म्हणाले.

मग तिने डबा उघडला. शेवटचे अंडे त्या दिवशी ताईला मिळाले.

साहेबांनी दुसरे पान तीन वेळा वाचले. दरसालच्या तपासणीच्या एकतीस बरोबरच्या खुणा कुणाच्या कचेरीने केल्या होत्या, हे त्यांना दुसऱ्या वाचनात लक्षात आले असावे, कारण तिसऱ्या वाचनानंतर त्यांनी नोटीस स्वतः मागून घेतली आणि तिची बारीक घडी करून आपल्या खिशात घातली. आमच्याकडे खिसे अशा कामी येतात.

राहिला प्रश्न अकरा निळ्यांचा. सगळे शहर पुन्हा रंगवायचे असे ठरत होते. ताई त्याआधी दोन दिवस टपालवहिनीबरोबर तिच्या फेरीला गेली. परत आली तेव्हा तिच्या वहीत नवा नकाशा होता. शहर मधून बाहेर वाढत गेले होते आणि माझा रंगही त्याच वर्षांत उतरत गेला होता, म्हणून जुन्या बाजाराच्या पाट्या सगळ्यांत गडद आणि कडेच्या वसाहतींच्या सगळ्यांत हिरवट. गाडीने ठोकल्यामुळे मधे बदललेल्या चारदोन पाट्या सोडल्या तर क्रम चुकत नव्हता. वहिनी पत्ता न वाचता सांगायची की आपण कुठल्या भागात आहोत. इतरही पुष्कळ जण तसेच ओळखत होते, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हते. ताईने अकरांतले पाच रंग कायम केले, भागाला एक. अक्षर तेच, बाण तोच. एकाच घरातले बोलणे, पण कोण बोलतेय ते कळावे.

उद्घाटनाला साहेबांनी सांगितले की नगरपालिकेने ही योजना तीन दशकांपूर्वीच दूरदृष्टीने आखली होती. टाळ्या झाल्या. मास्तरांनीही वाजवल्या. त्यांच्या नखांत तेव्हा पाच वेगवेगळे निळे होते आणि ते कधी नव्हे इतके खूश दिसत होते.

पाच नवे नमुने झाले. वॉर्निशचे दोन हात देऊन ते कपाटात ठेवतात, उजेडात फक्त कामापुरते काढतात. दरसाल चिठ्ठ्या मांडतात. दुसरे पान आता पहिल्याशेजारी चौकटीत आहे. मी विभागाच्या दाराशी टांगलेली असते, जिथे ऊन येत नाही. कोपऱ्यांत चकत्यांचे चार गडद डाग तसेच ठेवले आहेत. शाळेतली मुले येतात तेव्हा आधी तेच बघतात. बाण आता जिन्याकडे जातो.

निवृत्तीच्या दिवशी, सगळे हार-भाषण उरकून गेल्यावर, मास्तर वॉर्निशचा डबा घेऊन माझ्याकडे आले. आता उशीर झाला होता हे त्यांना माहीत होते, मलाही होते. तरी त्यांनी सावकाश दोन हात दिले, मधे पहिला वाळेपर्यंत थांबून. टपालवहिनी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"एकतीस वर्षांनी सुचलं का?" तिने विचारले.

"घरातलीच, म्हणून राहून गेलं."

"मग घरी चला," ती म्हणाली. "तिथेही एक माणूस राहून गेलंय."

मास्तर हसले. त्यांनी ब्रश धुतला, तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघे बाहेर पडले.

तर मित्रांनो, माझे मागणे फार नाही. रस्त्यावर जाणाऱ्या गोष्टींची सगळेच काळजी घेतात. जी भिंतीवर आहे, जिच्याकडे बघून तुम्ही बाकी सगळे जुळवता, तिलाही वर्षातून एकदा खाली उतरवा, उजेडात न्या, मागून बघा. आणि घरी कुणी म्हणाले की रंग जरा हिरवट दिसतो, तर हातातला चमचा खाली ठेवू नका. आधी ते अंडे अर्धे करा, आणि मग दोघे मिळून बघायला जा.